छंदाची रोजकीर्द

दिवसभर आकड्यांत बुडून गेलेल्या माणसाने निदान संध्याकाळी तरी आकड्यांपासून दूर राहावे, असे आपल्याला साहजिकच वाटते. हलवायाला पेढ्याचे अप्रूप नसते म्हणतात. परंतु आकडेवारी हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची रीत काहीशी निराळी दिसते. त्यांतील कितीएकांना छंद असतो आणि छंदाच्या जोडीला त्याची वहीही असते. किती पुस्तके वाचली, किती मैल चाललो, गच्चीवरच्या कुंडीत टोमॅटो किती लागले, याची नोंद ते भक्तिभावाने ठेवतात. वहीची जागा आता स्प्रेडशीटने आणि मनगटावरच्या घड्याळाने घेतली आहे, एवढेच. घरच्या मंडळींना हा प्रकार अंमळ चमत्कारिक वाटतो. ज्याचा आनंद घ्यावयाचा, त्याचा हिशेब कसला ठेवावयाचा?

या पंथाचे एक आद्य पुरुष म्हणून केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन (१८८२–१९४४) यांचे नाव घ्यावे लागेल. १९१९ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जाऊन सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण किती वाकतात हे त्यांनी मोजले आणि आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला पुष्टी दिली, हे सर्वश्रुत आहे. या गंभीर प्राध्यापकाला सायकलचे वेड होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. आपल्या सायकलफेऱ्यांचे माप घेण्यासाठी त्यांनी एक नामी अंक योजला होता. एखाद्याने किमान ३० दिवशी, दर दिवशी किमान ३० मैल सायकल चालविली असेल, तर त्याचा अंक ३०. हा अंक ३१ करावयाचा, तर ३१ दिवशी ३१ मैल हवेत. नेमक्या ३० मैलांच्या साऱ्या जुन्या फेऱ्या त्या क्षणी बाद! पायरी जितकी वरची, तितकी ती चढण्यास कठीण. एकाच दिवशी शंभर मैल तुडवून हा अंक वाढत नाही आणि रोज दोन मैल फिरूनही वाढत नाही. चिकाटी आणि दमछाक या दोहोंची एकाच आकड्यात गाठ घालणारी ही युक्ती मला तरी मोठी मार्मिक वाटते.

या अंकाचा आपल्याशीही एक धागा जुळतो. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या सभेत एडिंग्टन यांनी तरुण सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या श्वेतबटू ताऱ्यांविषयीच्या संशोधनाची जाहीर थट्टा केली होती. असा प्रसंग दोन माणसांना जन्माचे वैरी करण्यास पुरेसा असतो. पण तसे झाले नाही. चंद्रशेखर अमेरिकेत गेल्यावरही दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि त्या पत्रांत सायकलच्या अंकाची खबरबात असे. एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९८२ साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत चंद्रशेखर यांनी ती मोठ्या जिव्हाळ्याने सांगितली आहे. ईस्टरच्या सुटीत पावणेपंचाहत्तर मैलांच्या दोन फेऱ्या झाल्या, त्या हिशेबात धरता आल्या नाहीत, अशी खंत १९३८ च्या एका पत्रात आहे. १९४३ साली, ऐन युद्धकाळात, अंक ७७ वर गेल्याची वार्ता आहे. ताऱ्यांच्या वस्तुमानाविषयी ज्यांचे एकमत झाले नाही, त्यांना बोलावयास हा एक आकडा उरला होता.

पाव मैल कमी पडल्याची ही खंत जरा थांबून पाहण्यासारखी आहे. त्या दोन फेऱ्यांत वसंतातला रम्य मुलूख असेल, निवळलेले आकाश असेल; पण अंकाच्या लेखी त्या शून्य. मापाचा हा स्वभावच आहे. जे मोजावयाचे ठरले, तेवढेच त्याला दिसते. पुष्कळांच्या मनगटावर आज रोजच्या १०,००० पावलांचे लक्ष्य झळकत असते. ते कोणा वैद्याने काढलेले नव्हे. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र ‘दहा हजार पावले मोजणारे’ अशा अर्थाच्या नावाने विक्रीस आले, त्या नावातून ते जगभर पसरले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एट्किन यांनी २०१६ मध्ये याविषयी काही प्रयोग प्रसिद्ध केले. चित्रे रंगविताना किती आकृत्या रंगविल्या याची मोजणी ज्यांना दिसत होती, त्यांनी काम अधिक केले. परंतु त्यांना गोडी कमी वाटली. चालणे आणि वाचन यांच्या बाबतीतही हाच कल दिसला. करमणुकीचे काम झाले, की मनुष्य मजुरी मोजू लागतो.

माझ्या परिचयातील एक बाई बंगळूरला एका विमा कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहेत. दिवसभर दाव्यांचे तक्ते पाहावयाचे आणि पहाटे सायकलवरून नंदीच्या डोंगराकडे निघावयाचे, असा त्यांचा क्रम. एडिंग्टनच्या अंकाचा त्यांनाही नाद लागला. हिशेब मात्र किलोमीटरचा. एकदा ४०० मीटर कमी पडले, तेव्हा त्या काळोखात आपल्याच इमारतीभोवती घिरट्या घालीत राहिल्या. गॅलरीतून सासूबाईंनी विचारले, “सूनबाई, काही हरवलंय का गं?”

वर्षअखेरीस त्यांनी आपल्या तक्त्याची छाननी केली. वर्षारंभी अंक २९ होता, तो ४१ झाला होता. त्या तक्त्यात ‘सोबत’ असाही एक रकाना त्यांनी पहिल्यापासून ठेवला होता. जानेवारी ते जून या काळात त्यांची दहा वर्षांची कन्या १७ वेळा बरोबर आली होती. जुलै ते डिसेंबरमध्ये तीनच वेळा. व्यवसायाच्या सवयीने त्यांनी आधी दुसरी कारणे तपासली. पाऊस म्हणावा, तर त्याने आईलाही अडविले असते. पण आईच्या फेऱ्या त्याच महिन्यांत वाढल्या होत्या. शाळा म्हणावी, तर ती जानेवारीतही होतीच. कारण उघड होते. तळ्यापर्यंतची मुलीबरोबरची फेरी सहा किलोमीटरची. असल्या शंभर फेऱ्या केल्या, तरी अंक एकाने वाढावयाचा नाही.

वही फेकून द्यावी, असे यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मुलगी मागे पडली हेही अखेर वहीनेच सांगितले. रकाना नसता, तर वर्ष असेच निघून गेले असते. बाईंनी अंकाचा नाद सोडला नाही, पण रविवार त्यातून काढून घेतला. रविवारी दोघी जक्कूरच्या तळ्यावर जातात आणि पक्षी मोजतात.

या मोजणीची तऱ्हा मात्र वेगळी. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या नोंदसंग्रहात एका जागी पंधरा मिनिटे थांबून केलेली यादीही चालते. अट अशी की ओळखलेली प्रत्येक जात लिहावयाची. दुर्मीळ तेवढे टिपून कावळे गाळले, तर यादी अपुरी. पूर्ण यादीत जे नाही, ते त्या वेळी तेथे दिसले नाही, असे म्हणता येते. आणि हे न दिसणेच अभ्यासकाला मोलाचे असते. अशा सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि कर्नाटकाचा राज्यपक्षी असलेला नीलपंख झपाट्याने घटत असल्याचे दिसले. उलट, चिमणी नाहीशी होत आहे या सार्वत्रिक समजुतीला २०२० च्या अहवालाने आवर घातला होता: मोठ्या शहरांत ती कमी झाली खरी, पण देशभराचा विचार करता तिची संख्या बहुतांशी टिकून होती. रविवारच्या फावल्या वेळातल्या यादीला एवढी किंमत येते, हे त्या मुलीला फार आवडले आहे.

तिची शिस्त आता आईहून कडक. मागल्या खेपेस वारकरी, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, घार असे सारे लिहून झाले आणि दोघी फाटकापर्यंत आल्या. तेथे तिने यादी पुन्हा वाचली. कावळे लिहावयाचे राहिले होते. आईने अंदाजाने आकडा घालू म्हटले. तिने ते मानले नाही. दोघी सायकली वळवून पुन्हा तळ्याकडे गेल्या. या खेपेस कावळे सात होते.