येणाऱ्याची नोंद, जाणाऱ्याचा अंदाज

कचेरीतील संगणकांच्या जाळ्यावर या घटकेला कोण कोण रुजू आहे, हा प्रश्न वरकरणी साध्या हजेरीपटाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी गेल्या अर्धशतकात जी साधने निर्माण झाली त्यांच्या तपशिलात शिरले म्हणजे ध्यानात येते की, या दप्तरात आगमन तेवढे खात्रीने टिपले जाते आणि प्रस्थान पुष्कळदा अनुमानाने भरून काढावे लागते.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी रचलेल्या युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर 1971 मध्ये सिद्ध झाली, आणि तीत 'हू' ही आज्ञा आढळते. प्रवेश करणाऱ्याचे नाव, त्याचे टर्मिनल आणि प्रवेशाची वेळ 'यूटीएमपी' नामक एका लहानशा फायलीत लिहावयाची, तो निघून गेला की ती नोंद पुसावयाची, आणि विचारणाऱ्यास ती फाइल वाचून दाखवावयाची, एवढाच या आज्ञेमागील कारभार. येण्याजाण्याचा कायम रोजनामा 'डब्ल्यूटीएमपी' या दुसऱ्या फायलीत राहतो. मात्र वीज एकाएकी गेली, तर निघण्याची नोंद करणारेच कोणी उरत नाही, आणि मग तो रोजनामा वाचणारी 'लास्ट' ही आज्ञा प्रस्थानाच्या रकान्यात 'क्रॅश' एवढा शब्द घालून मोकळी होते. आपल्याकडील वीजपुरवठ्याशी परिचित असलेल्या वाचकास या रकान्याचे महत्त्व विशद करून सांगावयास नको.

यंत्रे एकमेकांस जोडली गेल्यावर ही अडचण दुणावली. बर्कलीच्या युनिक्समधील 'आरहू' या व्यवस्थेत प्रत्येक यंत्र आपल्याकडील उपस्थितांची यादी ठरावीक अंतराने, पुढील आवृत्त्यांत सुमारे दर 3 मिनिटांनी, साऱ्या जाळ्यात पुकारीत असे. 11 मिनिटे पुकारा ऐकू आला नाही तर ते यंत्र बंद पडले असे गृहीत धरावयाचे, आणि ज्याने तासभर एकही कळ दाबली नाही त्याचे नाव यादीतून परस्पर गाळावयाचे. चहाला गेलेला कारकून आणि चिंतनात मग्न झालेला कारकून यांतील भेद यंत्रास कळत नाही. साहेबांसही तो नित्य कळतो असे नव्हे.

परंतु ही यादी पाहणारा नेहमी व्यवस्थापकच असतो, असे थोडेच आहे? 1986 साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संगणकीय हिशेबात 75 सेंटांची तफावत आली, आणि मूळचे खगोलशास्त्रज्ञ असलेले क्लिफर्ड स्टोल तिचा छडा लावू लागले, तेव्हा त्यांना दिसले की दूरवरून शिरलेला आगंतुक प्रथम कोण हजर आहे याचीच चौकशी करतो, आणि पहारेकरी जागा दिसला की काढता पाय घेतो. म्हणून स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांनाच मुद्रणयंत्रे जोडली, जेणेकरून आपले नाव हजेरीत न उमटता त्याची प्रत्येक कळ कागदावर उतरावी. आणि तो माग अखेर जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला.

आजच्या कचेऱ्यांत बहुधा मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असते, आणि तेथे तर मध्यवर्ती सर्व्हरलाच उपस्थितांची खबर नसते. तो परवलीचा शब्द तपासून एक परवाना देतो, ज्याची मुदत सामान्यतः 10 तासांची असते, आणि मग परवानाधारक खुर्चीवर आहे की घरी गेला याची वास्तपुस्त करीत नाही. शेवटच्या प्रवेशाची अचूक वेळ ज्या सर्व्हरने परवाना दिला त्याच्याच दप्तरी राहते, आणि सर्व सर्व्हरांत फिरणारी दुसरी नोंद मूळच्या रचनेनुसार 14 दिवसांपर्यंत शिळी असू शकते. प्रवेशास 4624 आणि निर्गमनास 4634 हे घटनाक्रमांक आहेत खरे, परंतु संगणक तडकाफडकी बंद केला तर दुसरा लिहिलाच जात नाही. तेव्हा व्यवस्थापकास प्रत्येक यंत्राकडे पृथक् पृच्छा करावी लागते. आणि जे यंत्र उत्तरच देत नाही त्याच्यासमोरील मनुष्य उठून गेला, की केवळ मागची तार निखळली, हे पाहण्यासाठी अखेर शिपायासच धाडावे लागते.