वेषांतरित राजा आणि चहाची टपरी

लोकप्रसिद्धी आणि लोकाख्यान या भिन्न गोष्टी आहेत. एखाद्याला पुष्कळांनी ओळखणे ही प्रसिद्धी. त्याच्याविषयी सांगताना लोकांनी परंपरेतील कथेचा साचा वापरणे, हे आख्यान. नागपूरच्या सदर भागातील चहाविक्रेते सुनील पाटील, म्हणजेच ‘डॉली चायवाला’, यांच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होतो.

त्यांची प्रसिद्धी सोंगावर उभी राहिली. रंगीत चष्मा, वाढवलेले केस, उंचावरून सोडलेली दुधाची धार ही त्या सोंगाची अंगे होत. दाक्षिणात्य चित्रपट पाहून ही शैली उचलल्याचे त्यांनीच सांगितले आहे. बपेरा-तुमसरकडील, एकूणच भंडारा जिल्ह्यातील, प्रेक्षकाला खडी गंमत व दंडार परिचित आहेत. तेथेही सोंग ओळखले जाते ते वेष आणि ठरलेल्या लकबी यांवरूनच. टपरीवर मात्र सोंग आणि उपजीविका एकरूप होतात.

आख्यानाला निमित्त मिळाले ते २०२४ च्या फेब्रुवारीत. बिल गेट्स यांनी डॉलींकडून चहा घेतानाची, हैदराबादेत चित्रित झालेली चित्रफीत प्रसृत केली. समोरचा पाहुणा कोण, हे आपल्याला नागपूरला परतल्यावर कळले, असे डॉलींनी नंतर सांगितले. लोकांनी नेमका हाच तपशील उचलला. स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंध-सूचीत ‘वेषांतरित राजा’ हा बंध के १८१२ या क्रमांकाने नोंदलेला आहे. बगदादमध्ये रात्री फिरणारा हारून अल-रशीद हे त्याचे प्रसिद्ध रूप.

तथापि येथे बंध उलटला आहे. राजाने वेष पालटलेला नाही. सारे जग त्याला ओळखते, केवळ चहावाला ओळखत नाही. या अज्ञानामुळेच त्याच्या कृतीला नैतिक मोल येते : राजाला आणि रिक्षावाल्याला चहा एकच. जुन्या कथेत परीक्षा राजा घेतो; येथे ती श्रोता घेतो, आणि चहावाला उत्तीर्ण होतो.

या घडणीत एक हानीही आहे. चित्रफितीत चहा मागणारा पाहुणा बोलतो, विक्रेत्याची लकब तेवढी दिसते. २०२५ मध्ये डॉलींच्या नावाने शाखा देण्याची योजना जाहीर झाली. म्हणजे नावही व्यक्तीपासून सुटे होऊन व्यवहारात आले. लकब आणि नाव टिकते, बोली मात्र गळते. चित्रफितीला पाठभेद नसतात. ते संभवतात पुनर्कथनात. म्हणून लोकसाहित्याच्या अभ्यासकाने चित्रफितीवर न थांबता, टपऱ्यांवर ही कथा कोण कोणत्या बोलीत कशी सांगतो, ते टिपले पाहिजे. लोकांच्या वाणीत ती बदलत राहील, तोवरच तिला लोककथा म्हणता येईल.