फॉन्ट फुकट आहे, पण मोकळा आहे का?

कुंभकोणम-तंजावरकडच्या मराठी घरात लग्नपत्रिका करायची, तर तमिळ आणि देवनागरी दोन्ही लिप्या लागू शकतात. विंडोजवर तमिळचा 'लता' आणि देवनागरीचा 'मंगल' हे फॉन्ट फुकट मिळतात. डेबियन, फेडोरा या लिनक्स प्रणालींत ते नसतात, कारण मायक्रोसॉफ्टचा परवाना ते कॉपी करून वाटू देत नाही.

डेबियनची अट कडक आहे. फॉन्ट वापरायची, बदलायची, बदललेला वाटायची, विकायचीही मुभा हवी. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत' म्हटलं की मुख्य भांडारातून बाद.

मग चालतं काय? मुख्यतः एसआयएल या संस्थेचं ओपन फॉन्ट लायसन्स, 2007 ची 1.1 आवृत्ती. यात एक गंमत आहे. नुसता फॉन्ट विकायला मनाई, पण कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत खुशाल विका! त्यामुळे डेबियनचंही अडत नाही. फॉन्ट बदललात तर परवाना तोच ठेवायचा, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर नवं नाव द्यायचं. मला ही नावाची अट रास्त वाटते. तुमची पत्रिका मात्र या परवान्यात अडकत नाही.

जीपीएल या दुसऱ्या मोकळ्या परवान्यात तिथेच घोळ होतो: पीडीएफमध्ये फॉन्ट गेला की पीडीएफही जीपीएल होते का? म्हणून त्याला 'फॉन्ट एक्सेप्शन' ही सवलत जोडतात. रेड हॅटचे 'लोहित' फॉन्ट आधी जीपीएलखाली होते, नंतर ओपन फॉन्ट लायसन्सवर आले.

पत्रिकेसाठी माझी पसंती मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाला: देवनागरीला 'मुक्ता', तमिळला त्याच कुटुंबातला 'मुक्ता मलर'. दोन्ही याच परवान्याचे, शेजारी शेजारी छान बसतात.