कान वाहतो, आणि आपण थांबून राहतो

पोराचा कान वाहतो म्हटलं की घरातलं कुणीतरी लसूण घालून तापवलेलं तेल आणतं. दोन थेंब, वर कापसाचा बोळा, आणि 'मोठा झाला की जाईल' हा दिलासा. मला या दिलाशाचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. टाळता येण्याजोग्या बहिरेपणाचं एक मोठं कारण हा वाहता कानच आहे.

पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते आणि नाकाच्या मागून एक नळी तिथे पोहोचते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. त्यामुळे सर्दीचे जंतू सहज वर चढतात, पू साठतो, कान रात्रभर ठणकतो. पडदा फाटून पू बाहेर आला की ठणका थांबतो आणि सगळे हुश्श करतात. बहुतेकदा ते छिद्र आपोआप भरतं. पण दोन आठवडे उलटूनही कान वाहत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो. फाटक्या पडद्यातून तेल थेट आत उतरतं, बुरशीही धरू शकते. अशा कानात काहीच घालू नये. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवून तो कोरडा राखावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा.

स्रावाचा वास सांगायला लोक लाजतात, पण तो जरूर सांगावा. भरपूर, चिकट, वास नसलेला स्राव सहसा कमी धोक्याचा. कानाजवळच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन पडद्याचं छिद्र बुजवता येतं. थोडाच, पण घाण वासाचा स्राव असेल, तर आत कातडीची पिशवी वाढत असू शकते. ती कानातली चिमुकली हाडं खाते, पुढे चेहऱ्याच्या नसेपर्यंत आणि क्वचित मेंदूपर्यंतही जाते. तिथे शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

तरुण वयात, बायकांमध्ये अधिक, एक वेगळाच आजार दिसतो. पडदा शाबूत, पू नाही, तरी ऐकणं कमी होत जातं. काहींना गरोदरपणात ते जास्त जाणवतं. रिकिबीच्या आकाराचं शेवटचं हाड जागीच घट्ट बसलेलं असतं. त्याच्या जागी कृत्रिम भाग बसवण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत जॉन शिया यांनी 1956 मध्ये केली आणि ती आज सर्रास होते.

या आजारांत महिना इकडेतिकडे झाला तरी बऱ्याचदा निभावतं. एका बाबतीत मात्र निभावत नाही. सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर मळ समजून औषधाच्या दुकानातले थेंब घालत बसू नका. तोंड मिटून 'हं' असा सूर धरा. तो बंद कानात मोठा वाटला, तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानात मोठा वाटला, तर नस बिघडल्याची शंका. तपासणी दोन्हीत हवी, पण दुसऱ्यात त्याच दिवशी. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो, दोन आठवड्यांनंतर आशा फार उरत नाही.

तान्ह्या बाळाच्या ऐकण्याची तपासणी काही मिनिटांची, न दुखणारी. ती महिन्याच्या आत, दोष असल्यास त्याचं निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत सुरू व्हावेत, असा वैद्यकातला दंडक आहे. 'याचे वडीलही उशिरा बोलले' म्हणत दोन वर्षं घालवली, तर मेंदूची भाषा शिकण्याची सर्वांत चांगली वर्षं जातात. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे आतल्या कानात बसवायच्या यंत्रासाठी, केंद्राच्या एडिप योजनेची चौकशी तिथे करता येते.

आजोबांची तक्रार वेगळी असते: 'ऐकू येतं, पण कळत नाही.' वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे स, श, फ. ओरडल्याने स्वर मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, सावकाश बोलावं. हेच नुकसान मिरवणुकीतला डीजे विशीतच करतो. 85 डेसिबल आठ तास चालतात. दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मग श्रवणयंत्र उरतं. पहिले काही आठवडे त्यात पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट नकोसा होतो. तरी ते डबीत ठेवून देऊ नये. रोज थोडा थोडा वेळ वाढवत वापरावं आणि ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन आवाज जुळवून घ्यावा.