डब्यातलं डावं-उजवं

लंच टाइमला राजकारण निघालं की अर्धं टेबल लाल होतं, अर्धं भगवं. मग कुणीतरी ठसक्यात म्हणतं, ‘या आयडेंटिटी पॉलिटिक्सनंच वाट लावली!’ पण मुंबईत हे भांडण आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासून रंगलंय. तेही थेट आपल्या ऑफिसच्या पायाखाली...

प्रत्येक ऑफिसात एक ‘कॉम्रेड’ असतो आणि एक ‘देशभक्त’. ही पदं एचआरनं दिलेली नसतात, डबा खाता खाता मिळालेली असतात. सव्वा वाजता डबे उघडतात. एक वीसला आरक्षण निघतं. दीडच्या सुमाराला एक जण दुसऱ्याला ‘तुमच्यासारख्यांमुळेच’ असं म्हणतो. आणि दोन वाजता दोघंही एकाच मीटिंगमध्ये शेजारी-शेजारी बसून एकाच क्लायंटला गोड हसून ‘शुअर, शुअर’ म्हणतात!

मी लोअर परळच्या एका ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस फ्रीलान्स काम करते, त्यामुळे हा शो मला फुकटात बघायला मिळतो. आमचा कॉम्रेड कॉपी लिहितो, देशभक्त डेटा बघतो. टेबलावर आणखी एक जण असतो. तो काही बोलत नाही, शांतपणे जेवतो. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

खुर्च्यांची गंमत

डावे-उजवे हे शब्द आले फ्रान्समधून. १७८९ च्या राज्यक्रांतीच्या वेळी राजाचे अधिकार टिकावेत म्हणणारे सभागृहात अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसायला लागले आणि राजाला विरोध करणारे डाव्या. म्हणजे जगातलं सर्वांत गाजलेलं वैचारिक भांडण मुळात सीटिंग अरेंजमेंट होती!

आपल्याकडे डावं-उजवं त्याआधी पानात होतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. एका नातवाला लाडू जास्त गेला की आजी म्हणते, ‘पोरांत डावं-उजवं करू नये.’ आपल्या राजकारणाचा खरा झगडाही बहुतेक वेळा आजीच्या अर्थानंच चालतो. कुणाला झुकतं माप आणि कुणाच्या पानात काहीच नाही?

कॉम्रेड म्हणतो, जात आणि भाषा काढली की कामगारांची एकजूट फुटते. देशभक्त म्हणतो, जात आणि भाषा काढली की हिंदूंची एकजूट फुटते. दोघांची तक्रार शब्दाला शब्द सारखीच आहे की नाही? फक्त ‘आपण सगळे एक’ म्हणताना कुठली ओळख वर ठेवायची, एवढ्यावरच घोडं अडलंय.

ऑफिसच्या खालची गिरणी

आपण कामाला येतो त्या कमला मिल्स, फिनिक्सच्या नावातच गिरणी आहे. आज जिथं सुशीची प्लेट येते तिथं भोंगा वाजला की पाळी बदलायची.

याच गिरण्यांमधली एक गोष्ट कॉम्रेडला आवडत नाही. विणखात्यात पगार जास्त असायचा. पण तिथं धोट्यात सूत भरताना ते तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आणि दलिताच्या तोंडाला लागलेलं सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. त्यामुळे त्या खात्याचं दार दलितांना बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना सुनावलं होतं, की दलितांना सर्व खात्यांत काम मिळावं ही मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी संपात का यावं? झेंडा लाल होता, घोषणा कामगार एकजुटीची होती, पण सुताला मात्र जात होती.

म्हणून आंबेडकर कामगारविरोधी होते का? छे! १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मुंबईत संप झाला, तेव्हा ते कम्युनिस्टांच्या बरोबरीनं उभे होते. वर्ग आणि जात एकाच वेळी डोक्यात ठेवणं त्यांना जमत होतं. आपली दांडी एका वेळी एकावरच गुल होते.

एका खोलीत दोन झेंडे

आता माझ्या घरातली गोष्ट. आजोबा गिरणीत, लाल बावट्याचे. बाबा शाखेत. दहा बाय बाराच्या खोलीत दोन झेंडे, आणि आजीचा एकच स्टोव्ह.

हे दोन झेंडे मुळात इतके लांबचे नव्हतेच. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ मध्ये स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, शेकाप, आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे सगळे होते. हिंदू महासभा आणि जनसंघही त्या लढ्यात होते. ‘मराठी’ या ओळखीचं एवढं मोठं राजकारण उभं राहिलं, आणि त्याच्या पुढच्या रांगेत चक्क डावे! राज्य मिळालं तेही १ मे १९६० ला, कामगार दिनी.

मग राज्य मिळालं, पण नोकरी? तो राग १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेनं उचलला. ‘लुंगीवाल्यां’च्या नावानं शिमगा झाला, उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, पण जिंकले वामनराव महाडिक. ते शिवसेनेचे पहिले आमदार. गिरणगावचा रंग बदलायला सुरुवात झाली ती इथून.

पण सरळ रेषेत चालेल तर ते महाराष्ट्राचं राजकारण कसलं? १९६८ मध्ये महापालिकेला हीच सेना प्रजा समाजवादी पक्षाबरोबर होती. १९८४ मध्ये कॉम्रेड डांगे सेनेच्या अधिवेशनाला पाहुणे म्हणून गेले. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत भाकपनं उद्धव ठाकरेंच्या उमेदवाराला पाठिंबा दिला. आता सांगा, डावं कुठलं, उजवं कुठलं?

आजोबा १९८२ च्या संपात होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, ते बहुतेक बाहेरच राहिले. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. पुढे त्यांना बँकेत चिकटवलं ते शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीच्या खटपटीनं. मी एकदा बाबांना विचारलं, ‘तुम्ही आजोबांच्या विरुद्ध गेलात ना?’ ते म्हणाले, ‘विरुद्ध कसला? त्यांची गिरणी बंद होती आणि शाखा उघडी होती.’ मास कॉमच्या दोन वर्षांत विचारसरणीवर एवढं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

आणि हे सगळं चाललेलं असताना जमिनीचं काय झालं? १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीतल्या आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो बदल उचलून धरला. लोक ‘आपला कोण, परका कोण’ मोजत राहिले आणि जमीन हातची गेली. कॉम्रेडचा हा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे.

अण्णाभाऊ कुणाचे?

अण्णाभाऊ साठे जन्मानं मातंग. पोटासाठी मुंबईत आले, गिरणीत राबले. पक्षानं कम्युनिस्ट, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कला पथकात. संयुक्त महाराष्ट्रासाठी त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली. ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण कुणी केलं? भाजपचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी!

म्हणजे वर्ग, जात, भाषा या तिन्ही ओळखी एकाच माणसात. आपणच त्यांचे तुकडे करून आपापल्या टेबलावर नेतो.

हेच भांडण दलित पँथरमध्ये झालं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी (हो, आपल्याच वयाची पोरं) अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन संघटना काढली. १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया असे सगळेच आले. ढालेंना त्यात मार्क्सवादाचा वास आला. त्यांना बुद्ध-आंबेडकरांचा रस्ता सोडायचा नव्हता. १९७४ मध्ये फूट पडली. शरद पाटलांनी उलट्या बाजूनं तेच केलं. जातीचा प्रश्न घेत नाहीत म्हणून ते माकपमधून बाहेर पडले आणि १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. तुमच्या टेबलावर जे आज दीड वाजता होतं, ते यांनी अर्ध्या शतकापूर्वी आयुष्य पणाला लावून केलंय.

‘आडनाव काय?’

आता तो गप्प जेवणारा. एका दुपारी विषय निघाला, ‘आरक्षण आर्थिक निकषावर द्या, जात कशाला?’ देशभक्त बोलला, आश्चर्य म्हणजे कॉम्रेडनंही अर्धी मान डोलावली. मग एक जण म्हणाली, ‘मला तर बाबा कुणाची जात दिसतच नाही.’

गप्प असलेल्यानं डबा बंद केला आणि म्हणाला, ‘मी गेल्या महिन्यात सात फ्लॅट बघितले. ब्रोकर आधी पगार विचारतो, खूश होतो. मग आडनाव विचारतो. मग ओनरचा भाचा अमेरिकेहून येणार असतो. सातही ओनरना भाचा आहे!’

टेबल हसलं. मग हसू थांबलं.

तो पुढे एवढंच बोलला, ‘तुम्ही जिंकलात काय, हरलात काय, संध्याकाळी घरी जाता. मी अजून मित्राच्या हॉलमध्ये झोपतो.’

त्या दुपारी कुणी गुगल केलं नाही म्हणून इथं सांगते. ‘आर्थिक निकष’ आलेला आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनं दहा टक्के जागा आल्या, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाख. पण गरीब असूनही एससी, एसटी, ओबीसींना त्यात जागा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो ३ विरुद्ध २ असा टिकवला, आणि विरोधातल्या दोन न्यायमूर्तींचा आक्षेप नेमका यालाच होता. म्हणजे ज्याला आपण ‘जात नको, फक्त गरिबी’ म्हणतो, त्याच्याही दारावर जात विचारली जाते.

मग ओळखीचं राजकारण सगळंच वाईट की सगळंच चांगलं? मी आता एक साधी कसोटी लावते. ती ओळख दार उघडायला सांगतेय की कुणाला बाहेर काढायला? विणखात्यात आम्हालाही घ्या, हे दार उघडणं. उडप्याचं हॉटेल फोडणं, हे बाहेर काढणं. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायचं निघालं, विरोध झाला, २९ जूनला सरकारनं आदेश मागे घेतले आणि ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका मंचावर आले. पोरांवर ओझं नको, मराठी मागे पडायला नको, ही मागणी रास्तच. पण म्हणून मराठी येत नाही या कारणावरून दुकानदाराच्या कानाखाली? कसोटी लावा, उत्तर मिळतं. झेंड्याचा रंग बघावाच लागत नाही.

भांडा सौख्यभरे!

भांडण थांबवा असं मी मुळीच म्हणणार नाही. न भांडणारं टेबल रटाळ असतं. फक्त चार पथ्यं पाळा.

१. लेबल आधी लावू नका. ‘तू डावा आहेस म्हणून’ असं वाक्य सुरू झालं की पुढचं कुणी ऐकत नाही. ‘तू काय म्हणालास?’ हे विचारून बघा.

२. फॉरवर्ड नको, गोष्ट सांगा. तुमच्या घरात कोण गिरणीत होतं, कोण शेतात, कुणाला कुणामुळे नोकरी लागली? बहुतेक विचारसरणी तिथंच सापडते.

३. समोरच्याचा सर्वांत चांगला मुद्दा एकदा त्याला पटेल असा मांडून दाखवा. आमच्या कॉम्रेड आणि देशभक्तानं एकदा करून पाहिलं. दोघंही तीन मिनिटं गप्प! रेकॉर्ड आहे.

४. गप्प बसलेल्याकडे लक्ष असू द्या. पण त्याला अख्ख्या समाजाचा प्रवक्ता करू नका, ‘तुमच्यात काय म्हणतात?’ असं तर विचारूच नका. त्यापेक्षा तुमच्या सोसायटीत फ्लॅट रिकामा असेल तर ओनरशी तुम्ही स्वतः बोला. भाचा खरंच येतोय का, तेही विचारून घ्या.