समा ते पावागढ: सायकलवरून ज्वालामुखीच्या देशात

वडोदऱ्याच्या समा भागातल्या मराठी सायकलप्रेमींनो, ज्वालामुखीचा प्रदेश बघायला फार लांब जायला नको. हालोल रस्त्याने साधारण ४५ किमीवर पावागढ आहे. पहाटे निघा, रस्ता बहुतेक सपाट आहे.

सुमारे ८०० मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच नातलग. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचे थर इथे एकावर एक रचलेले दिसतात. पण खरी गंमत माथ्याकडे आहे. खालचा बेसॉल्ट काळा, तर वर रायोलाइट, म्हणजे सिलिका जास्त असलेला, फिकट रंगाचा खडक! महाराष्ट्रातल्या किल्ल्यांवर तो सहसा भेटत नाही. म्हणून सायकल पायथ्याशी ठेवा, रोपवे सोडा आणि पायऱ्यांनीच चढा. खडक बदलताना बघायलाच हवा.

खाली चांपानेर आहे, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. जामी मशिदीला तासभर तरी द्या.

दुसऱ्या दिवशी शिवराजपूरमार्गे जांबुघोडा अभयारण्य. इथे लाव्हा संपून त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात, शिवराजपूरच्या मँगनीज खाणी त्यांच्यातल्याच. जंगल साग, बांबू आणि मोहाचं. अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, त्यामुळे अंधारात सायकल चालवू नका. मोहाची फुलं अस्वलाला फार आवडतात; मार्च-एप्रिलमध्ये जास्तच जपा.

आणि हो, मगरींची आपली विश्वामित्री नदी उगम पावते ती याच पावागढावर.