किनोव्याचे पीठ घरच्या घरी

बाजारात हल्ली एक नवे धान्य दिसते. त्याचे नाव किनोवा. कोणी त्याला किनोआ म्हणतात, कोणी क्विनोआ म्हणतात. धान्य एकच. दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा, चपटा आणि पिवळसर पांढरा असतो.

आमच्या विक्रोळीच्या दुकानांतही तो मिळतो. साखरेचा आजार असलेले लोक तो मागतात. ज्यांना गहू सोसत नाही, तेही मागतात. पण तयार पीठ महाग पडते. सुटे पीठ घ्यावे, तर ते कधी दळले हे कळत नाही. म्हणून आम्ही सांगतो, दाणे आणा आणि पीठ घरी करा. दोनच गोष्टी सांभाळायच्या. दाण्याचा कडूपणा घालवायचा आणि दाण्याची ओल घालवायची.

हे धान्य कुठले? दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचे उंच डोंगर आहेत. तिथे पेरू आणि बोलिव्हिया हे देश आहेत. आपला रोजचा बटाटा मूळचा तिकडचाच. किनोवाही तिकडचाच. तिथले शेतकरी हजारो वर्षे तो पिकवीत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष किनोव्याचे वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून त्याचे नाव जगभर झाले. आता आपल्याकडे राजस्थानात आणि आंध्र प्रदेशातही त्याचे थोडे पीक निघते.

नाव परके आहे, पण झाड अगदी परके नाही. आपण चाकवताची भाजी खातो ना? किनोवा हा चाकवताचा सख्खा भाऊ. आणि राजगिरा त्याचा चुलत भाऊ.

आता कडूपणाचे पाहू. शेजारच्या एका वहिनींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, मी किनोवा तसाच दळला. भाकरी कडू लागली. दाणे खराब होते का हो?"

दाणे खराब नव्हते. किनोव्याच्या वरच्या सालीत एक कडू द्रव्य असते. त्याचा पाण्यात फेस होतो. रिठ्यात असते त्याच जातीचे हे द्रव्य. त्याच्या कडूपणामुळे पाखरे दाणे कमी खातात. पिकाची राखण होते, पण आपले तोंड कडू होते. पुष्कळ पाकिटांतले दाणे आधी धुतलेले असतात, सगळेच नसतात. म्हणून घरी धुवावेच.

कृती अशी:

दोन वाट्या दाणे घ्या. खडे, काड्या निवडा. पातेल्यात पाणी घालून दाणे दोन्ही हातांनी चोळा. फेस येईल. ते पाणी बारीक गाळणीतून किंवा सुती फडक्यातून ओता. जाड चाळणी घेऊ नका, दाणे वाहून जातील. असे चार-पाच वेळा करा. फेस येईनासा झाला की एक दाणा चावून पाहा. कडू लागला नाही, म्हणजे काम झाले. दाणे रात्रभर भिजत ठेवू नका. त्यांना लवकर मोड येतात.

आता ओल. दाणे स्वच्छ कापडावर पातळ पसरा. कडक उन्हात वाळवा. मधूनमधून हात फिरवा. पावसाळ्यात मात्र विक्रोळीची हवा दमट. एका बाजूला खाडी, वर पाऊस. चाळीत, इमारतीत ऊन मिळत नाही. तेव्हा पंख्याखाली वाळवा. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटे परता. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. मऊ लागला तर ओल राहिली आहे.

दाणे पुरते गार होऊ द्या. मिक्सरचे भांडे अर्धेच भरा. थोडे फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. सलग फिरवले तर पीठ तापते. मग चाळा. वर राहील ते परत दळा. गिरणीत न्यायचे तर एक ध्यानात ठेवा. दगडात आधीचे गव्हाचे पीठ राहिलेले असते. ज्याला गहू वर्ज्य आहे, त्याच्यासाठी घरीच दळलेले बरे.

ओलीचे एवढे का सांगतो? ओलसर पिठाला बुरशी लागते. नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीच्या पिठाने माणसे आजारी पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अनेकदा आल्या. जुन्या पिठात वाढलेली बुरशी हे अशा विषबाधेचे एक कारण असते. किनोव्यात तेलाचा अंशही असतो, त्यामुळे पीठ खवट होते. म्हणून पावसाळ्यात आठ दिवसांपुरतेच दळा. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वास आला तर फेकून द्या. चार पैशांसाठी पोट बिघडवू नका.

या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. उकळत्या पाण्यात मीठ घालून त्याची उकड काढा, मग भाकरी थापा. किंवा दोन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी हे पीठ मिसळा. थालीपीठ, धिरडेही चांगले होते.

मात्र किनोवा हे औषध नव्हे. त्यात निम्म्याहून अधिक भाग पिष्टाचा असतो. साखरेच्या रोग्याने तो बेताने खावा, आणि डॉक्टरांची गोळी सोडू नये.

आणि महागडा किनोवा परवडला नाही, तर जीव थोडा करू नका. किराणा दुकानातला राजगिरा आणा. 100 ग्रॅम किनोव्यात प्रथिने सुमारे 13 ते 14 ग्रॅम, राजगिऱ्यातही जवळपास तेवढीच. राजगिऱ्यात लोह आणि चुनाही भरपूर. गहू त्यातही नाही. तो कडू नसतो. माती-रेती जाईपर्यंत धुवा. मग याच रीतीने वाळवा आणि दळा.

पुढच्या बाजाराला अर्धा किलोच आणा. एकदा करून पाहा. जमले की शेजारणीलाही शिकवा.